वाटीतलं विरजण

भांडी बोलत असत तेव्हाची गोष्ट. एका मंगळवारी चुलीवर भात शिजत असताना, नरहररावांच्या पत्नी द्वारकाबाई माहेरी वारल्याचा निरोप आला.

पुढे नरहरराव स्वतःच दूध तापवून झाकून ठेवू लागले. सकाळी पातेल्यात दूधच असे.

“दही का होत नाही?” पातेल्याने विचारलं.

“विरजण नको का?” वाटी म्हणाली. “बाई रोज चमचाभर दही माझ्यात राखायच्या. ह्यांनी तेही भाताशी संपवलं. घरचं दही बुडालं आता.”

शेवटी नरहरराव वाटी घेऊन शेजारच्या कुसुमकडे विरजण मागायला गेले.

“घ्या की भाऊजी,” कुसुम म्हणाली. “तुमच्याच घरचं आहे. वहिनींकडूनच विरजण नेलं होतं मी.”

दुसऱ्या दिवशी दही घट्ट लागलं. नरहररावांनी चमचाभर वाटीत काढलं.

“आता हेही भाताशी संपवतील,” पातेलं म्हणालं.

नरहररावांनी ते खाल्लं नाही.