आत्मचरित्र आणि मटार उसळ

माजी प्राचार्य सरंजामे यांनी आपलं आत्मचरित्र ई-पुस्तक म्हणून काढलं आणि प्रकाशनाला भाषण करायला दृष्टिहीन प्राध्यापिका वृंदा केळुसकरांना बोलावलं. शेजारी अंध बाई बसल्या की आपलं मन मोठं दिसतं, एवढाच त्यांचा विचार. बाईंनी आधीच फोन करून सांगितलं होतं, "सर, पुस्तकात नुसते पानांचे फोटो आहेत. माझा फोन टाइप केलेली अक्षरंच वाचून दाखवतो."

सर म्हणाले, "तेवढ्यासाठी पुन्हा कोण खपणार? चार कौतुकाचे शब्द बोला, झालं."

समारंभात बाई उभ्या राहिल्या. "पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. आत काहीच नाही."

बाईंनी फोन माइकपाशी धरून पुस्तक उघडलं. फोन बोलू लागला, "रिकामं पान. रिकामं पान. रिकामं पान."

सरंजामे लालबुंद झाले. "बाई, तुमचा फोन बिघडलाय."

"नाही सर. तुमच्या निमंत्रणासोबत केटररनं टाइप केलेला जेवणाचा मेनू आला होता, तो यानं घडाघडा वाचला. मटार उसळ, पुरी, श्रीखंड." बाई शांतपणे खुर्चीत बसल्या. "आजच्या कार्यक्रमात वाचण्यासारखं तेवढंच होतं."