पहिल्या परडीचा मान

फार पूर्वी एका डोंगरपठारावरची सगळी स्ट्रॉबेरी एका दुपारी मातीत गेली, आणि त्याला जबाबदार होता गावातला सगळ्यात थोरला म्हातारा. गारा आभाळातून पडल्या हे खरं. पण आभाळाला दोष देणं सोपं, कारण आभाळ उलटून बोलत नाही.

त्या गावची रीत अशी: हंगामाची पहिली परडी थोरल्यानं स्वतःच्या वाफ्यातून खुडायची, देवीपुढे ठेवायची, नारळ फोडायचा. तोवर कोणी फळाला हात लावायचा नाही. लावला, तर झऱ्याच्या पाण्याची त्याची पाळी बंद.

रीत मुळात वाईट नव्हती. मागे कधीतरी चार हावरटांनी कच्ची, पांढुरकी फळं घाईनं पेठेत नेली. गिऱ्हाइकांनी ती थुंकून टाकली आणि अख्ख्या पठाराचं नाव बुडालं. म्हणून फळ लाल होईपर्यंत थांबायचं, एवढाच तिचा अर्थ. पण अर्थ सांगणारे मरून गेले, रीत सांगणारे तेवढे मागे उरले.

म्हाताऱ्याची बाग डोंगराच्या सावलीत होती. समोरच्या उतारावर एका बाईची बाग. तिला सगळे ‘उतारावरची’च म्हणत. पावसाळाभर तिनं रोपं छपराखाली जपली, मग एकेक करून लावली, फळाला माती लागू नये म्हणून खाली वाळलं गवत अंथरलं. सगळं एकटीनं. उतारावर सकाळपासून ऊन, त्यामुळे त्या वर्षी तिची फळं आठ दिवस आधीच देठापर्यंत लाल झाली. सावलीतल्या फळांचे देठाजवळचे खांदे अजून पांढरेच होते.

शुक्रवारी घाट चढून मीठवाला आला. “बाई, खालच्या पेठेत काल सुपारीएवढ्या गारा पडल्या. ढग इकडंच सरकतायत. उद्या दुपारपर्यंत येतील. पिकलंय ते उचला.”

ती त्याला घेऊन तडक पारावर गेली. तिथं म्हाताऱ्यांची बैठक भरलेली होती. ती रोजच भरायची, दुसरं काम काय होतं?

“आजोबा, उद्या गारा येतायत. आजच पहिली परडी काढा, म्हणजे आम्हाला खुडता येईल.”

“माझ्या वाफ्यात अजून पिकली नाही. सोमवारी बघू.”

“मग माझ्या बागेतली घ्या. हात तुमचा, नारळ तुमचा. मान कुठं जातोय?”

“वीस वर्षं देवीला फळ माझ्या वाफ्यातलं जातंय. आता तुझ्या उतारावरचं नेऊ?”

“आज फळ देतेय, उद्या नारळही मीच फोडते म्हणेल,” दुसरा एक म्हातारा म्हणाला. बाकीचे हसले.

“बाबा, मी डोळ्यांनी पाहिलंय,” मीठवाला म्हणाला.

“तू मीठ विक. आभाळ आम्ही बघतो.”

तिनं ओच्यातून एक गळून पडलेलं फळ काढलं आणि म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवलं. “बघा तरी. ह्यात कच्चं काय आहे?”

म्हाताऱ्यानं पाहिलं. वास घेतला. फळ पिकलं होतं आणि त्याला ते कळलं होतं. क्षणभर त्याची बोटं फळाभोवती मिटलीही. मग सगळे आपल्याकडं बघतायत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं फळ परत तिच्या हातात दिलं.

“सोमवारी.”

पाराभोवती जमलेल्या आणखी दहा-बाराजणांची फळं पिकली होती. ते खाली मान घालून म्हणाले, “आजोबा म्हणतायत तर असेल काहीतरी.”

परडी घेऊन उतारावरची दिवस मावळेपर्यंत वाफ्यात उभी राहिली. खुडावं तर पाणी बंद, आणि पाण्याविना उन्हाळ्यात रोपं जळणार. तिनं खुडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गारा आल्या. पाव घटकाही पडल्या नसतील. थांबल्या तेव्हा गवतावर नुसता लाल चिखल होता. सावलीतली कच्ची फळंसुद्धा सुटली नाहीत.

सोमवारी म्हातारा पागोटं बांधून देवळात आला. परडी रिकामी. “देवीची इच्छा!” तो म्हणाला.

“देवीनं निरोप धाडला होता, आजोबा,” उतारावरची म्हणाली. “मीठवाल्याबरोबर. तुम्ही त्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीत.”

कोणी हसलं नाही. तिला गप्पही कोणी केलं नाही.

पुढच्या वर्षी तिची फळं पिकली त्या सकाळी तिनं खुडली, पहिलं फळ देवीपुढे ठेवलं आणि परड्या भरल्या. मग ज्याची जेव्हा पिकली त्यानं तेव्हा खुडली. पाणी कोणाचंच बंद झालं नाही. सावलीतली पिकली तेव्हा म्हातारा नारळ घेऊन देवळाच्या पायरीवर दुपारपर्यंत बसला. कोणी आलं नाही. नारळ त्यानं घरी नेला. त्या पठारावर त्याला पुन्हा कोणी काही विचारलं नाही.

तात्पर्य: पिकलेलं फळ कोणाच्या वयासाठी थांबत नाही, आणि कारण विसरून पाळलेली रीत ही रीत नसते, नुसता हट्ट असतो.