उंबऱ्यापुढचं ऊन

एका उंच डोंगराने आपल्या सावलीत धरून ठेवलेलं एक लहानसं गाव होतं आणि त्या गावाच्या अगदी टोकाच्या घरात शेवू राहायची. तिचं खरं नाव शेवंता. पण शेवंता अशी पूर्ण हाक मारणारी तिची आई गेल्या हिवाळ्यात तापाने गेली, तेव्हापासून ती नुसती शेवू उरली. तिच्या घराशी ऊन उशिरा यायचं, कौलांवर घडीभर टेकायचं आणि निघून जायचं. आत सदा अंधार आणि ओल. त्या अंधारात, भिंतीकडे तोंड करून, तिचे बाबा पडलेले असायचे.

रायाजी त्यांचं नाव. दोराने कड्यावरून खाली उतरून ते मधाची पोळी काढायचे. वाऱ्यावर झुलत झुलत गाणी म्हणायचे आणि ती खाली उभ्या असलेल्या शेवूला ऐकू यायची. आता ते गात नव्हते, कुठे जातही नव्हते.

शेवू भागूकाकूंच्या मिठाईच्या दुकानात कढया घासायची आणि त्यांच्या भट्टीसाठी रानातून काटक्या आणायची. त्याबद्दल तिला उरलंसुरलं मिळायचं. फुटके लाडू, पाकात मऊ पडलेल्या जिलब्या, आदल्या दिवशीची भजी. तेच बापलेकींचं सकाळचं जेवण आणि तेच संध्याकाळचं. बाबा काही न बोलता, चव न घेता खात राहायचे. टोपली रिकामी झाली की पुन्हा भिंतीकडे वळायचे. हळूहळू त्यांचं अंग जड झालं, गुडघे सुजले. नुसती कूस बदलतानाही त्यांना धाप लागायला लागली. शेवूच्याही पोटात सारखं दुखायचं, पण ते ती कोणाला सांगत नसे.

वैद्यबुवा एकदा नाडी पाहून गेले. बाहेर आल्यावर ते शेवूला म्हणाले, "हृदयावर भार येतोय, पोरी. हे असेच पडून राहिले, तर पुढचा हिवाळा..." आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडून दिलं.

शेवू आत गेली. "बाबा, जरा उठता का?"

"उठवत नाही गं."

"दुखतंय का कुठे?"

"काहीच दुखत नाही," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "काहीच वाटत नाही."

रानात एक जुनी बाग होती. कोणे एके काळी कोणा राणीने लावलेली, आता कोणाचीच नसलेली. वेली माजल्या होत्या, पायऱ्या खचल्या होत्या. मधोमध एक इवलासा झरा होता, पण त्याचं तोंड कुजलेल्या पानांनी बुजून गेलं होतं. काटक्या वेचायला आली की शेवू तिथे थांबायची आणि आपल्या भाजलेल्या, चिरा पडलेल्या बोटांनी ती पानं उपसायची. चिमुकले शिंजीर पक्षी तहानेने त्या ओल्या दगडावर चोची घासताना तिने पाहिले होते, म्हणून.

एका सकाळी शेवटचं पान निघालं आणि पाणी खळकन् वर आलं. आणि त्या पाण्याबरोबर वर आली एक परी. शेवूच्या तळहातावर मावेल एवढीशी. भोपळ्याच्या फुलासारखा पिवळाधमक झगा, पाण्याच्या थेंबांनी विणलेले झुळझुळीत पंख. ते हलले की निळे दिसत, मिटले की हिरवे. तिच्या केसांत दवाचे कण लुकलुकत होते.

"किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला मी," परी हळूच म्हणाली. "तुझ्या हातांना लागलं का गं?"

हा प्रश्न शेवूला कोणी विचारला नव्हता. ती रडायलाच लागली. परी तिच्या गुडघ्यावर बसून राहिली, तिचं रडणं पुरं होईपर्यंत.

"तुला तीन गोष्टी मागता येतील," मग परी म्हणाली. "पण नियम आहेत. मी जे बदलते ते बाहेरून. माणसाच्या आतलं मला बदलता येत नाही. आणि दिलेलं मागे घ्यायचं झालं, तर त्यातच एक मागणं संपतं. विचार करून माग हं."

शेवूने कसला विचार करायचा? तिला एकच गोष्ट हवी होती. "माझे बाबा पहिल्यासारखे होऊ देत. सडपातळ आणि हसरे."

परीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बाहेरून," ती पुन्हा म्हणाली आणि आपले पंख हलवले.

शेवू धावत घरी आली. दारात बाबा उभे होते. सडपातळ आणि हसरे. शेजारच्या बायका म्हणत होत्या, काय पण रायाजी सुधारले. शेवूने त्यांना मिठी मारली. पण त्या अंगात काही जोरच नव्हता. वाळलेल्या बोरूसारखे हात. दोन पावलं चालले की ते भिंत धरायचे. आणि ते हसत होते. जेवताना हसत होते, झोपेतही हसत होते. दुसऱ्या दिवशी तापलेल्या कढईने शेवूचा हात पोळला आणि ती कळवळत घरी आली, तेव्हा त्यांनी तो हात हातात घेतला आणि हसतच राहिले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ओठ मात्र मिटत नव्हते.

"शेवू," ते त्या हसऱ्या तोंडाने म्हणाले, "मला रडताही येत नाही गं आता."

शेवू पोळलेला हात छातीशी धरून बागेत गेली. "माझं मागणं परत घे."

परीने ते परत घेतलं. तिने कोणताही दोष दिला नाही. पोळलेल्या हातावर तिने झऱ्याचं गार पाणी घातलं आणि म्हणाली, "एकच राहिलंय, शेवू."

या वेळी शेवू बराच वेळ बसली. शिंजीर आले, पाणी प्यायले, उडून गेले. पानांतून उन्हाचे कवडसे तिच्या पायांवर नाचत होते. तिच्या लक्षात आलं, की इथे आल्यावर आपलं पोट दुखायचं थांबतं.

"मला त्यांच्यासाठी थोडं ऊन दे," ती म्हणाली. "सकाळचं. आमच्या दाराशी."

परीचे पंख एकदम सोनेरी झाले. "हे मला देता येईल. पण याचाही नियम ऐक. ऊन घरात येणार नाही, उंबऱ्याबाहेरच थांबेल. ते अंगावर घ्यायला त्यांनाच उठून यावं लागेल. ते आले, की दुसऱ्या दिवशी ऊन थोडं पुढे सरकेल. नाही आले, तर होतं तिथेच वाट बघेल. रागावणार नाही, पण मागेही येणार नाही. तू त्यांना बोलावू शकतेस, ओढू शकत नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोंगराच्या गार निळ्या सावलीत, उंबऱ्यापुढे उन्हाची एक चकती पडली होती. घोंगडीएवढी, केशरी, ऊबदार.

"बाबा, दाराशी ऊन आलंय."

"असू दे."

त्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतरही बरेच दिवस आले नाहीत. शेवू एकटीच त्या उन्हात बसायची, दार उघडं ठेवून, आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, की एक मुंगी चाललीय, की भिंतीवर सरडा आलाय. तिला राग यायचा. कधीकधी ती मागच्या दारी जाऊन चुलीची राख उगाच उकरत बसायची. मग पुन्हा येऊन म्हणायची, "बाबा, ऊन अजून आहे."

एका सकाळी तिच्यामागे पाय घासत येण्याचा आवाज आला. बाबा दाराची चौकट धरून उभे होते, धापा टाकत. ते खाली बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "गरम लागतंय." एवढंच.

त्याच दिवशी शेवू भागूकाकूंना म्हणाली, "काकू, उरलेल्या मिठाईऐवजी मला नाचणी आणि मूग द्याल का?"

भागूकाकूंचा झारा हातातच थांबला. "बाळ, तुझ्या बाबांना गोड आवडतं, म्हणून मी मुद्दाम दोन जिलब्या जास्त घालायचे गं."

"माहीत आहे मला," शेवू म्हणाली. "पण वैद्यबुवा म्हणतात, त्यांच्या हृदयावर भार येतोय."

भागूकाकूंनी पदराने डोळे टिपले आणि नाचणीचं माप शिगोशीग भरलं.

शेवू शेतांच्या बांधावरून चाकवत खुडायची, शेवग्याचा कोवळा पाला ओरबाडून आणायची. तिच्या भाकरी वेड्यावाकड्या व्हायच्या. पहिल्या दिवशी बाबांनी ताट सरकवून दिलं. "हे गिळवत नाही. लाडू नाही का?" शेवूने ताट परत पुढे केलं नाही. तिने आपली भाकरी मोडली, भाजीला लावली आणि जेवायला लागली. थोड्या वेळाने बाबांचा हात ताटाकडे आला.

ऊन अंगणात सरकलं, मग गोठ्याच्या भिंतीशी, मग पांदीच्या, शेतांमधल्या अरुंद वाटेच्या, तोंडाशी. बाबा काठी टेकत त्याच्यामागे जायचे. सगळ्या सकाळी चांगल्या नव्हत्या. एकदा ते पडले, आणि पोरं हसली. त्यानंतर ते पुन्हा अंथरुणाला खिळले, आणि शेवू कामाला गेल्यावर शेजाऱ्यांकडून भज्यांची पुडी मागवून, पांघरूण डोक्यावर घेऊन त्यांनी ती खाल्ली. शेवूला तेलकट कागद दिसला. तिने तो चुलीत सारला. ऊन पांदीच्या तोंडाशी तसंच थांबलं होतं. शेवटी बाबाच उठले आणि म्हणाले, "काठी कुठे ठेवलीस?"

हळूहळू त्यांच्या गुडघ्यांची सूज उतरली. वाकून स्वतःची वहाण घालता यायला लागली. झोप लागायला लागली. एकदा भाजी खाताना ते म्हणाले, "मीठ कमी आहे," आणि शेवूला इतका आनंद झाला, की ती मीठ आणायचंच विसरली. त्यांना चव लागली होती.

पण ऊन पांदीपलीकडच्या चिंचेच्या झाडापर्यंत पोचलं आणि तिथे गाडं अडलं. चिंचेपुढे वाटेला एक वळण होतं आणि ऊन त्या वळणावर जाऊन बसलं होतं. बाबा रोज चिंचेखाली यायचे, समोर बघायचे आणि माघारी फिरायचे. धाप लागलेली नसायची, तरी त्यांचा चेहरा पांढराफटक व्हायचा.

"बाबा, पाय दुखतात का?"

"नाही."

"मग?"

ते चिंचेच्या मुळावर बसले. मग म्हणाले, "तुझी आई तापाने फणफणली होती, तेव्हा मी कड्यावर होतो. निरोप मिळाला तसा धावत सुटलो. एवढा मी कधी धावलो नव्हतो. त्या वळणावर आलो. तिथून नदीचा घाट दिसतो, शेवू. घाटावर धूर दिसला." त्यांनी दोन्ही हातांनी आपले गुडघे धरले. "तिथेच थांबले माझे पाय. घाटावर गेलोच नाही मी. तिला अग्नी कोणी दिला, तेही मला ठाऊक नाही."

"गणूमामांनी," शेवू म्हणाली. "मी होते तिथे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. जणू तीही त्या दिवशी कुठेतरी होती, हे त्यांना आजच कळत होतं.

"मी रोज त्याच वाटेने काटक्या आणायला जाते," शेवू म्हणाली.

"भीती नाही वाटत?"

"वाटते. मग मी आईला दिवसभरात काय काय झालं ते सांगते. सांगेपर्यंत वळण मागे पडतं."

बाबा उठले. त्यांनी तिचा हात धरला, तोच, पूर्वी पोळलेला, आणि पाऊल टाकलं. वळणावर ऊन त्यांच्या अंगावर आलं. खाली घाट होता. धूर नव्हता. ओलं गवत होतं, काठाने बगळे चालत होते. बाबा तिथे उभे राहून रडले. मोठमोठ्याने, लहान मुलासारखे, आणि त्यांचा सगळा चेहरा रडला. मग डोळे पुसून ते शेवूच्या आईशी तुटक तुटक बोलू लागले. "सगुणा, शेवू भाकरी करते आता... मी चिंचेपर्यंत येतो रोज..."

बोलता बोलता ते पुढे निघाले, आणि ऊन त्यांच्यापुढे रानात शिरलं, थेट जुन्या बागेत.

झऱ्यावर परी बसली होती. तिचे पंख आता इतके उजळ झाले होते, की त्यांच्यातून पलीकडची पानं दिसत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि आपोआप हात जोडले.

"माझ्याजवळचं देऊन झालं," परी म्हणाली. "आता ही बाग तुम्ही दोघं सांभाळा. पेरूला खत घाला, आवळ्याखालचं तण काढा, शेवग्याच्या शेंगा उतरवा. इथे जे पिकेल ते तुमचं. आणि झऱ्याचं तोंड मोकळं ठेवा."

"तू परत येशील?" शेवूने विचारलं.

परी तिच्या गालाला कोवळ्या पानासारखी टेकली. मग तिचा पिवळा झगा, दवाचे केस, निळेहिरवे पंख सगळे एकाच लखलखीत उजेडात मिसळून गेले. तो उजेड पानापानावर, खचलेल्या पायऱ्यांवर सांडला आणि सगळीकडे सारखा पसरला. मग परी कुठली आणि ऊन कुठलं, ते सांगता येईना.

बाबांनी बाहीने कपाळाचा घाम पुसला. ओंजळ भरून पाणी प्यायले. आवळ्याखाली कंबरभर वाढलेल्या तणाकडे त्यांनी पाहिलं आणि दगडावर बसले.

"थोडा दम घेऊ दे," ते म्हणाले. "मग उठतो."