म्हाळाईची चाल

"मग तिचं नाव मी का घालायचं? तुम्हीच सांगा, बुवा."

हे शार्दूल इंगवले उंबऱ्यातच बोलला. चपला एक इकडे, एक तिकडे उडाल्या. नमस्कार त्याने नंतर केला.

लिंबाजीबुवा घेवडा निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाचं नाव?"

"केतकीचं. केतकी डफळे. आमच्याकडे कामाला होती ती."

मी बुवांच्या शेजारी शेंगांच्या शिरा काढत होतो. मी माने. एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर होतो, आता दुपारचा बुवांच्या मठात असतो. तोंडाचा फटकळ आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

शार्दूल कॉलेजात असल्यापासून बुवांकडे येतो. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. मिरजेत एका तालमीच्या माडीवर दोन खोल्या घेऊन त्याने व्हिडिओ गेम बनवायचा स्टुडिओ काढला. पाच माणसं, चार वर्षं, एक गेम. येत्या शुक्रवारी तो बाहेर पडायचा होता. गेम संपल्यावर पडद्यावर करणाऱ्यांची नावं सरकतात, ती यादी आज संध्याकाळपर्यंत पक्की करायची होती.

त्या यादीत केतकीचं नाव नव्हतं.

"तिने काय केलं?" बुवांनी विचारलं.

"मध्येच सोडून गेली. जानेवारीत. काम ऐन रंगात आलेलं आणि बाईसाहेब म्हणाल्या, मी चालले."

"का?"

"हात दुखतो म्हणे. मनगट. डॉक्टरने सांगितलं म्हणे, सहा महिने कॉम्प्युटरला हात लावायचा नाही."

"मग?"

"मग काय... आमचे हात दुखत नाहीत? मी चार वर्षांत एक दिवाळी घरी केली नाही. सख्ख्या भावाच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि पंगतीला न बसता परत आलो. मी गेलो का सोडून?"

"तिने किती दिवस काम केलं?"

"तीन वर्षं." जरा थांबून तो म्हणाला, "सव्वातीन."

बुवांनी एक शेंग मोडली. किडकी निघाली, ती बाजूला टाकली.

मला शार्दूलचा राग आला होता. सव्वातीन वर्षं त्या पोरीने मनगट झिजवलं आणि हा तिच्या दुखण्याला 'म्हणे' लावतो.

"आता तिचं मागणं काय?" बुवा म्हणाले.

"नाव. म्हणते, यादीत नाव नसेल तर हे काम मी केलं हे उद्या दुसऱ्या स्टुडिओत कशावरून दाखवू. दोनदा पत्र पाठवलं. मी उत्तर दिलं नाही. तर आता इंटरनेटवर चारचौघांत लिहून मोकळी झाली. लोक मला शिव्या घालतायत, बुवा. मला. ज्याने हा स्टुडिओ उभा केला त्याला. गेम अजून बघितलाही नाही आणि म्हणतात, हा माणूस पोरीचं श्रेय खातो."

चोराच्या उलट्या बोंबा, असं अगदी ओठांवर आलं होतं. बुवांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पुन्हा शेंगांना लागलो.

"आमच्या स्टुडिओचा नियम आहे," शार्दूल म्हणाला. "गेम बाहेर पडेपर्यंत जो टिकला, त्याचंच नाव. मी काही जगावेगळं करत नाहीये. कितीतरी ठिकाणी असंच करतात."

"नियम कधी केलास?"

"कधी म्हणजे..."

"ती जायच्या आधी, का नंतर?"

शार्दूलने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. पुन्हा घातला.

"...मार्चात."

आता मात्र माझ्याने राहवलं नाही. "म्हणजे प्रवासी उतरून गेल्यावर गाडीत पाटी लावलीस," मी म्हणालो.

"माने काका, तुम्हाला गेममधलं काही कळत नाही."

"गेममधलं नाही कळत. नियमातलं कळतं. एकतीस वर्षं तेच केलंय."

"माने," बुवा म्हणाले.

बुवांनी हात धोतराला पुसले. "दाखव बघू तुझा गेम."

शार्दूलचा चेहरा जरा सैल झाला. त्याने पाठीवरच्या पिशवीतून लॅपटॉप काढला आणि बुवांच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवला.

पडद्यावर माळ होता. उन्हाने पिवळा पडलेला, मधे खुरटी बाभळ. त्या माळावर एक म्हातारी धनगरीण उभी होती. म्हाळाई तिचं नाव. तिची मेंढरं पांगली आहेत, ती शोधून आणायची, एवढाच खेळ.

शार्दूलने बटण दाबलं आणि म्हाळाई चालू लागली.

काठी आधी, मग उजवा पाय. डावा जरा मागे राहायचा, मग यायचा. चढ लागला की ती थांबायची, कमरेवर हात ठेवायची, वर किती राहिलंय ते बघायची. पदर खांद्यावर नीट घ्यायची आणि पुन्हा काठी पुढे.

माझी आई शेवटच्या वर्षात अशीच चालायची. लाज कसली सांगायला, मला भरून आलं.

"दमते ही," बुवा म्हणाले.

"होय. लोकांना तेच आवडलंय. आम्ही नुसती दोन मिनिटांची झलक दाखवली होती. लोकांनी लिहिलं, मेंढरं राहू देत, या म्हातारीबरोबर नुसतं चालत राहावंसं वाटतं."

"म्हातारी कुणाच्या डोक्यातली?"

"माझ्या. गोष्ट माझी, म्हाळाई माझी, माळाची वाट न् वाट माझी. सगळा गेम माझ्या डोक्यातून आलाय."

"आणि चाल?"

"...चाल केतकीने केली."

"कशी केली?"

शार्दूलला सांगायचं नव्हतं. बुवा थांबून राहिले. त्यांना थांबता येतं, मला ते अजून जमलेलं नाही.

"आटपाडीच्या बाजारात जाऊन बसायची," तो म्हणाला. "आठ आठवडे. मेंढरं घेऊन आलेल्या म्हाताऱ्या कशा चालतात ते बघायची. परत येऊन माडीवर स्वतः तशी चालायची, आम्ही हसायचो. मग कॉम्प्युटरवर एकेक पाऊल हाताने बसवायची. एका पावलाला दोन-दोन दिवस. पण बुवा, ते तिचं कामच होतं. चाल म्हणजे गेम नव्हे. तो एक तुकडा झाला."

"तुकडा."

"तुकडाच. सुटा आहे अगदी."

"सुटा काढता येईल?"

"एका बटणात." यात त्याला अभिमानच वाटला. "आमचं काम व्यवस्थित असतं. ज्याचं त्याचं वेगळं ठेवलेलं असतं."

"मग काढ."

"...आत्ता?"

"तिचं जेवढं असेल तेवढं सगळं. मला तुझा गेम बघायचाय."

शार्दूलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काढतो की. बघाच तुम्ही. कुणावाचून कुणाचं अडत नाही, बुवा."

त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. एका यादीत बोट फिरवत गेला आणि एका नावापुढची खूण काढली. ते नाव केतकी होतं, माझ्या अधू डोळ्यांनाही ते वाचता आलं. मग त्याने गेम पुन्हा सुरू केला.

तोच माळ. तेच ऊन.

म्हाळाई दोन्ही हात आडवे ताणून उभी होती. शेतात बुजगावणं उभं करतात तशी. काठी तिच्या हातात नव्हती, शेजारी हवेत लटकत होती.

शार्दूलने बटण दाबलं. म्हाळाई पुढे निघाली. पाय हलले नाहीत. ताठच्या ताठ ती माळावरून सरकत गेली. चढ आला, तिथे थांबली नाही, तशीच सरकत वर गेली. पापणीसुद्धा लवत नव्हती.

"मेंढरं कुठेत?" बुवांनी विचारलं.

मेंढरं पलीकडे होती. तीही केतकीनेच हलती केली होती, हे तेव्हा कळलं. चाळीस मेंढरं चारी पाय ताठ करून उभी. एकाचीही मान गवताकडे गेली नाही.



म्हाळाई सरकत सरकत एका कोकराजवळ गेली आणि थांबली. हात तसेच आडवे.

"इथे ती वाकते," शार्दूल म्हणाला. आवाज उतरला होता. "वाकून त्याला उचलून घेते. पोटाशी धरते. इथे..."

ती वाकली नाही.

तो काढलेली खूण परत लावायला गेला. बुवांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"थांब."

"बुवा, हे बघवत नाही."

"आत्ता तर बघाच म्हणालास."

"हे मी लोकांपुढे कसं नेऊ? चार वर्षं घातलीत मी. हे माझं नाही... म्हणजे, माझंच आहे, पण हे असं..."

मला त्याची कीव आली आणि राग तरीही गेला नाही.

बुवांनी आपला हात काढून घेतला आणि घेवड्याची टोपली जवळ ओढली.

"शुक्रवारी असाच सोड," ते म्हणाले. "मग तिचं नाव नको घालूस."