आबासाहेबांचा अंगठा

“करार रद्द!” आबासाहेब काळुसे कडाडले. “मला कुणाचा सल्ला नको. मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय!”

समोर बसल्या होत्या यास्मिन मुलाणी. बीडच्या रिक्षावाल्याची लेक, पुण्याच्या एका सायबर सुरक्षा सल्लागार कंपनीची नवी प्रमुख. खुर्ची मिळून आठवडाही झाला नव्हता, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक निघालं होतं हातचं! हे काम गेलं की हाताखालच्या निम्म्या पोरांना घरी बसवावं लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आबासाहेब म्हणजे जालन्याचे बियाणेवाले. त्यांच्या कलिंगडाच्या बियाण्याला चार राज्यांत मागणी. कोणत्या दोन वाणांच्या संकरातून ते होतं, हे गुपित एका संगणकात होतं. तो संगणक एका खोलीत. आणि खोलीचं दार उघडायचं फक्त आबासाहेबांच्या अंगठ्याने!

“आबासाहेब, कुलूप उत्तम आहे,” यास्मिन म्हणाल्या. “पण चोर हल्ली कुलूप फोडत नाहीत. मालकालाच घोळात घेतात.”

“मला? घोळात? मग घ्या की!” आबासाहेबांनी टेबलावर थाप मारली. “दिवस मावळायच्या आत त्या खोलीत शिरून दाखवा. यंत्राला हात लावायचा नाही, वायर तोडायची नाही, माझी माणसं फोडायची नाहीत. जमलं तर करार कायम. नाही जमलं तर पुण्याची गाडी धरा!”

“आणि तुम्ही आज सावध राहणार?”

“डोळ्यांत तेल घालून!”

“मग अवघड आहे,” यास्मिन म्हणाल्या आणि त्यांनी चहा मागवला.

आबासाहेब खरंच सावध राहिले. ठसा कुठे उमटायला नको म्हणून त्यांनी अंगठ्याला रुमाल गुंडाळला. चहाचा कप माकडासारखा दोन्ही तळव्यांत धरून प्यायले. एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी फाटकावरूनच हाकललं. तो खराच एसीवाला होता, त्यामुळे दुपारभर सगळे घामाघूम झाले.

त्यातच घरून फोन आला.

“अहो, जेवायला येताय ना?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“आधी सांगा, आपलं लग्न कुठे झालं?”

“म्हणजे? तेही विसरलात?”

“विसरलो नाही, खात्री करतोय! बोला लवकर!”

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. मॅनेजर घोलपांनी तोंडावर फाइल धरली. ते हसताहेत की खोकताहेत ते कळेना. आबासाहेब जेवायला गेलेच नाहीत.

यास्मिन मात्र दिवसभर गोदामं बघत हिंडल्या. कामगारांशी बोलल्या, एक कलिंगड चाखलं, छान म्हणाल्या. दाराकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. ऊन उतरायला लागलं तशा त्या परत आल्या आणि त्यांनी पिशवी उचलली.

“हरले, आबासाहेब. निघते.”

“हरणारच!” आबासाहेबांची छाती फुगली. “पुण्यात सांगा सगळ्यांना!”

“सांगते. पण जाता जाता एक शंका. तुमच्या दारावरच्या यंत्राला माणसामाणसांतला फरक खरंच कळतो? काही यंत्रं कुणाच्याही अंगठ्याला उघडतात हो.”

“काहीतरीच! घोलप, चला रे सगळे!”

सगळे दाराशी गेले. घोलपांनी अंगठा टेकवला. लाल दिवा! ड्रायव्हर सोपानने टेकवला. लाल दिवा!

“बघा! अगदी चोख आहे!” आबासाहेब म्हणाले.

यास्मिन विचारात पडल्या. “चोख कसलं? हे तर कुणालाच उघडत नाही. बिघडलंय, आबासाहेब. बंद पडलेल्या दाराची तुम्ही सकाळपासून राखण करताय!”

“बिघडलंय? जर्मनीहून आणलंय ते!”

“जर्मनीचं असलं म्हणून काय झालं? एसीही परदेशीच होता ना तुमचा?”

आबासाहेबांची कानशिलं लाल झाली. त्यांनी रुमाल ओढून फेकला आणि अंगठा यंत्रावर दाबला. हिरवा दिवा! खट्ट! दार सताड उघडलं.

“हे बघा! आता बोला!”

यास्मिन शांतपणे उंबरा ओलांडून आत गेल्या आणि संगणकासमोरच्या खुर्चीत बसल्या. “बघितलं. इथून तर फारच छान दिसतंय!”

घोलप छताकडे बघू लागले. बाहेर अजून पिवळं ऊन होतं.

“अहो, पण... पण दार तर मीच उघडलं!” आबासाहेब कसेबसे म्हणाले.

“हो ना! मी यंत्राला बोटही लावलं नाही. तुमची अटच होती तशी!”

आबासाहेबांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग यास्मिनकडे. आणि पोटातून असे हसत सुटले की गोदामातले हमाल धावत आले! हसता हसता त्यांना ठसका लागला, सोपानने पाणी आणलं, तेही सांडलं.

“घोलप!” डोळे पुसत ते म्हणाले, “मुलाणी मॅडमचा करार तीन वर्षांचा करा. शीतगृहं, दुकानं, सगळं त्यांच्याकडे द्या. गाडीत चांगली मोठी कलिंगडं भरा, पुण्याच्या पोरांना खाऊ दे. आणि मॅडम, तुम्ही आज आमच्याकडे जेवायला चला.”

“आनंदाने येईन. पण वत्सलाबाईंना काय सांगणार?”

“तेच तर!” आबासाहेबांनी हात जोडले. “घरात शिरायची युक्ती आता तुम्हीच सांगा!”