मेणाच्या भिंतीचा गवंडी

“मग तो मरत का नाही, सर?”

शलाकाचा आवाज चढला होता. दापोलीला मुकादम सरांच्या अंगणात आल्यापासून तिनं हे तिसऱ्यांदा विचारलं, आणि सर आपले निवांत सुपारी कातरत बसलेले. तिच्या पर्समध्ये पीएच.डी. सोडत असल्याचं पत्र होतं. सोमवारी ते द्यायचं, असं ठरवूनच ती आली होती. क्षयाच्या जंतूपायी तीन वर्षं घातली, आता बास!

“भिंत कशी असते गं त्याची?” सरांनी विचारलं.

तिला रागच आला. हे तर सरांनीच शिकवलेलं.

“आत जाळी. तिच्यावर साखरेच्या साखळ्यांचा थर. सगळ्यात बाहेर मेणचट चरबीचं कवच. आणि ते मेण बनवणारं एन्झाइम माझं औषध बंद पाडतं. सिद्ध केलंय मी!”

“वा! आणि जंतूला औषध दिलंस कशात?”

“नुसत्या मिठाच्या पाण्यात. मधे दुसरं काही लुडबुडायला नको. माझ्याइतका स्वच्छ प्रयोग आपल्या लॅबमध्ये कुणी केला नसेल.”

“नसेलच,” सर मनापासून म्हणाले.

“चाळीस दिवस ठेवले, सर. पठ्ठे ढिम्म!”

सर उठले. कुंपणाशी चिऱ्यांची भिंत अर्धी उभी होती. धाकू गवंडी सकाळपासून उपाशी, भाकरीची वाट बघत आंब्याखाली आडवा झालेला. सरांनी त्याची सिमेंट लावायची थापी उचलली.

“धाकू, थापी नेतो रे.”

“न्या की,” धाकूनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

थापी मांडीवर घेऊन सर परत येऊन बसले. म्हाताऱ्याला चळ लागला, शलाका मनात म्हणाली. एवढा प्रवास करून हे बघायला आले मी!

अर्ध्या तासानं धाकूची बायको भाकरी आणि सुकट घेऊन आली. धाकू पोटभर जेवला, ढेकर दिली आणि उठला. फावड्यानं माल कालवला, दोरी ताणली, पहिला चिरा उचलला... आणि बोंब ठोकली.

“आवो सर! थापी द्या! माल सुकला तर भिंतीचं वाटोळं होईल माझ्या!”

सर जागचे हलले नाहीत. धाकू पाय आपटू लागला. कालवलेला सगळा माल बघता बघता वाया जायची वेळ आली.

शलाका थापीकडे बघत राहिली.

“मघाशी नेलीत तेव्हा तर त्याला पत्ताही नव्हता.”

“मघाशी तो बांधत कुठं होता?”

“म्हणजे माझे जंतू...” तिनं कपाळाला हात लावला. “चाळीस दिवस नुसत्या मिठाच्या पाण्यात ते बांधतच नव्हते! मी एवढी शहाणी, आणि...” तिला स्वतःची लाज वाटली, आणि हसूही आवरेना. तीन वर्षं फुकट गेली नव्हती. हायसं वाटून तिचे डोळेच भरून आले.

सरांनी धाकूला थापी देऊन टाकली. तो पुटपुटत कामाला लागला.

“आता सांगा सर, त्या मेल्याला मारू कसा?”

सरांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“आधी त्याला पोटभर जेवायला घाल.”