मासळीचे खत आणि खाडीकाठचा कोल्हा

पूर्वी शूर्पारक नगरात सागरदत्त राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने खाडीकाठच्या झुडपांत कोल्ह्याचा जन्म घेतला होता आणि तो कळपाचा नायक होता. कोळीवाड्यामागे मासळीची डोकी, काटे, आतडी यांचा ढीग पडे. त्यावर सारा कळप पोसला जाई.

त्याच सुमारास पुरात घरदार वाहून गेलेले रोहक आणि चंपिका हे माळी जोडपे नगरात आले. राजाने त्यांना समुद्रालगतची पडीक जागा दिली. शरद ऋतू संपेपर्यंत ती हिरवी झाली तर त्यांची, नाही तर त्यांनी दुसरा मुलूख धरावा, असे ठरले. जागा म्हणजे नुसती वाळू. घातलेले पाणी बघता बघता गडप होई आणि रोपे पिवळी पडून माना टाकीत.

एके सकाळी चंपिका कुंपणाशी थबकली. वारुणी नावाची कोळीण येता-जाता तिथे आपली पाटी धूत असे. नेमका तेवढ्याच जागी दुधीचा एक वेल तरारून वर चढला होता. पाने सुपाएवढी, देठ बोटाएवढे जाड. चंपिकेने मुळाशी उकरले, तर काळ्या मातीत माशाचा मऊ पडलेला काटा हाती आला. ती तशीच मातीच्या हातांनी धावत सुटली आणि नवऱ्याला ओढत वेलापाशी घेऊन आली.

तिने वारुणीकडे तो ढीगच मागितला. वारुणीला हसू आवरेना. ज्याच्या जवळून लोक नाकाला पदर लावून जातात, तो ही बाई मागते आहे! मग दोघींनी मिळून पाट्याच्या पाट्या वाहिल्या. मासळीची घाण, कोलंबीची टरफले, समुद्राने फेकलेले शेवाळ, पालापाचोळा, शेण, सारे वाफ्यांत मिसळून रोपे लावली. त्या दिवशी चंपिकेला जेवणाचीही शुद्ध राहिली नाही.

सकाळी उठून पाहते तो सगळे वाफे उकरलेले, रोपे उपटून दूर पडलेली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. वाळूत कोल्ह्यांची पावले उमटली होती आणि शरद लागलाही होता. शेवटी रोहकाने व्याधाकडून विष आणले, माशांच्या तुकड्यांना चोळले आणि ते कडेच्या वाफ्यात पुरले. चंपिकेला हे रुचले नाही, पण मोडलेली रोपे पाहून तिने त्याला अडवले नाही.

ऊन कलल्यावर ती मोडलेल्या रोपांना काडीचा आधार देत बसली होती. मान वर केली तो समोर एक वयस्कर कोल्हा बसलेला. तिने कुदळ उचलली. कोल्हा हलला नाही.

“बाई, उकरणारे माझेच आहेत,” तो म्हणाला. “ढीग तू उचललास आणि त्यांना भूक लागली. पण तुझी धडपड मी झुडपातून पाहतो आहे. तू हे वरवर पुरतेस. हातभर खोल पूर, वर राख पसर, मग माती टाक. तेवढ्या खोलातला वास आमच्या नाकाला लागत नाही.”

चंपिकेची कुदळ खाली आली. “मग तुम्ही खाणार काय?”

“ढीग नव्हता तेव्हाही कोल्हे होतेच. खेकडे आहेत, उंदीर आहेत. पळावं लागेल, एवढंच.”

कळपाच्या तोंडचा घास तो आपणहून काढून देत होता. आणि त्याच क्षणी चंपिकेला कडेचा वाफा आठवला. तिथे लोलक नावाचा एक तरणा कोल्हा वाळू उडवीत होता. नायकाने हाक मारली, पण नाकात वास शिरलेल्या लोलकाला काही ऐकू येईना.

चंपिका धावली. नुकतीच सावरलेली रोपे पायाखाली आली तरी थांबली नाही. लोलकाने तुकडा दातांत धरला, तोच तिने दोन्ही हातांनी तो ओढून काढला. तिच्या मनगटावर दात उमटले.

“विष आहे त्यात,” ती धापा टाकत म्हणाली.

लोलक मागे सरला. झटापट ऐकून रोहक दांडके घेऊन आला. पण घडले ते ऐकल्यावर त्याचा हात खाली आला. बायकोचे हात धुऊन त्याने जखम बांधली आणि विषाचा तुकडा न् तुकडा स्वतः वेचून जाळला.

मग वारुणीच्या बोलावण्यावरून सारा कोळीवाडा खणायला लोटला. हातभर खोल मासळी, वर राख, वर माती. आता चंपिका उजाडायच्या आत वाफ्यांशी उभी असे. आज कोंब, उद्या पान, परवा कळी! चवळी मांडवावर धावली, वांग्यांनी झाडे वाकली, केळींनी नवी पाने सोडली. शरद संपता संपता राजा आला. ही तीच जागा का, म्हणून त्याने दोनदा विचारले, वाकून मूठभर माती हातात घेतली आणि जागा जोडप्याच्या नावे केली. चंपिकेकडून सगळी हकीकत कळल्यावर खाडीकाठी कोल्ह्यांची शिकार करू नये, अशी दवंडीही त्याने पिटवली.

त्या हिवाळ्यात कळप रोडावला. नायक सर्वांत शेवटी खाई, कधी खातही नसे. पण पुन्हा एकही वाफा उकरला गेला नाही.

ही हकीकत ऐकवून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, “तेव्हाचा लोलक म्हणजे भिक्षेत गोड घास शोधत फिरणारा हा समोर बसलेला भिक्षू. रोहक म्हणजे माझा शिष्य आनंद, चंपिका म्हणजे आज विहाराची बाग राखणारी उपासिका, आणि खाडीकाठचा तो कोल्हा मी होतो. पोटात भूक असताना हाताशी आलेला घास दुसऱ्यासाठी सोडणे, याचेच नाव त्याग.”